दुसरी वेलांटी

नुंगंबाक्कमच्या त्या बोळात दत्ताजीराव टेलरकडे ब्लाउज शिवायला टाकला की तो कधी मिळेल, हे विचारायची सोय नव्हती. विचारलंच कुणी, तर दत्ताजीराव चष्म्याच्या वरून बघत आणि म्हणत, "झाल्यावर." माप घ्यायचाही त्यांना कंटाळा. बाई पायरी चढून आत येताना एकदा पाहिली की पुरे, असं त्यांचं म्हणणं. आणि खरोखरच ब्लाउज असा चापून बसे की पुढच्या वेळी तीच बाई मुकाट्याने कापड ठेवून निघून जाई. कधीमधी ते साफ चुकतही. पण तेव्हा चूक बाईची असे. मधल्या काळात ती सुटलेली असे, त्याला टेलर काय करणार?

दुकान एवढंसं. पुढे दत्ताजीरावांची पायाने चालवायची मशीन, मागे फॉल-पिकोची मशीन आणि तिच्यावर त्यांची बायको तुळसी. गिऱ्हाइकांशी दोघं तमिळ बोलत आणि आपसात मराठी. ही मराठी कुठली म्हणाल, तर पूर्वज तंजावरला येताना बांधून घेऊन आले होते तीच. इतकी वर्षं तमिळच्या शेजारात राहून तिला तमिळ हेल लागला होता, एवढंच. "टेप कोठे ठेविलीस गे?" असं दत्ताजीराव ओरडत आणि "गळ्यात आहे ना तुमच्या!" असं मागून उत्तर येई. हे रोज चाले, आणि रोज दोघांनाही त्याचा तितकाच राग येई.

दत्ताजीरावांचे वडील व्यंकोजीराव तंजावरला रथाची वस्त्रं शिवत. देवळाचा रथ उत्सवात निघतो तेव्हा त्याचा खालचा भाग लाकडी, कोरीव असतो. पण वरचा सगळा डोलारा बांबूंचा. तो कापडाने मढवायचा. लाल, पिवळं, हिरवं, पांढरं, काळं कापड कातरून, तुकड्यावर तुकडा शिवून त्यातून मोर काढायचे, कमळं काढायची, सिंहासारख्या तोंडाचे याळी काढायचे. भोवतीने कापडाची लांबलचक गोल नळकांडी टांगायची, वाऱ्यावर फिरणारी. त्या नळकांड्यांना तोंबै म्हणतात, आणि ह्या सगळ्या वस्त्राला सीलै. चित्रच ते, पण रंगात बोटही न बुडवता काढलेलं. गावात व्यंकोजीरावांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे त्यांना 'सीलैक्कारर' म्हणत, म्हणजे सीलैवाले. रथावर शेवटची गाठ मारून ते खाली उतरत, मग देव येऊन आत बसे, आणि व्यंकोजीराव खालून वर बघत हात जोडून उभे राहत. लहानग्या दत्ताजीला वाटे, बाबा देवाला नमस्कार करतायत. मोठेपणी कळलं की ते टाके तपासत असत.

वडील गेले, कामं आटली, आणि दत्ताजीराव तुळसीबाईंना घेऊन मद्रासला आले. सुरुवातीला कुणी विचारलं की ते अभिमानाने सांगत, "मी सीलै शिवतो." पण तमिळमध्ये साडीलाही सीलैच म्हणतात. ऐकणारी बाई दुसऱ्या दिवशी फॉल लावायला साड्यांची पिशवी घेऊन हजर! असं काही वेळा झाल्यावर त्यांनी सांगणं सोडलं आणि रागाच्या भरात फॉल-पिकोची मशीनच घेऊन टाकली. मद्रासचं चेन्नई झालं, बोळाच्या तोंडाशी मोठी दुकानं आली, दत्ताजीराव 'ब्लाउज टेलर' म्हणून म्हातारे होत गेले. मनातून मात्र सीलै गेली नव्हती. चिंध्या झाडताना त्यांचा हात अडखळे. लाल चिंधीवर पिवळी आपोआप ठेवली जाई, तिची कड आत मुडपली जाई, आणि मग तुळसीबाई मागून खाकरत. की पुन्हा काजं करायला सुरुवात.

२००८ साली अर्चना त्या दुकानात आली. मूळची मिरजेची, राहायला पेरुंगुडीला, नोकरी सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिथली मैत्रीण कीर्तना, तिच्या बहिणीच्या लग्नासाठी ब्लाउज हवा होता, आणि कीर्तनाच्या आईचा ह्या दुकानावर भारी विश्वास. अर्चना आपल्या नव्याकोऱ्या तमिळमध्ये गळ्याचा आकार समजावत होती, तेवढ्यात टेप कोठे ठेविलीसचा रोजचा गजर झाला. ती बोलायची थांबली.

"तुम्ही मराठी?"

"नाही तर काय! तू कोठून आलीस गे?"

"मिरजेहून. महाराष्ट्रातून."

"अस्से. तेथेही मराठी बोलतात ना?" दत्ताजीरावांनी अगदी मनापासून विचारलं.

अर्चनाला हसावं की रडावं कळेना. पण त्या दिवसापासून ती शनिवारी-शनिवारी येऊ लागली. काम असो-नसो, तुळसीबाईंच्या शेजारी स्टुलावर बसायची. घरापासून इतक्या लांब कुणीतरी 'गे' म्हणून हाक मारतंय, एवढ्यानेच तिचा आठवडा बरा जाई. एकमेकांचं बोलणं मात्र अर्धंमुर्धंच कळे. तिने 'वेळापत्रक' म्हटलं की काका नुसतेच बघत. ते 'अस्के' म्हणत, म्हणजे सगळे, हे कळायला तिला महिना लागला. मग दोघांनीही आपापल्या परीने शहाणपणा केला. अर्चना अडलं की काकांच्या सोयीसाठी तमिळ शब्द घाली; आणि काका, पोर बिचारी परकी, तिला कशाला टोकायचं, म्हणून ती म्हणेल ते निमूट घेत. पुढचा सगळा घोटाळा ह्या चांगुलपणातून झाला.

त्या वर्षी शहरातले मोठमोठे जाहिरातफलक उतरवले जात होते. अर्चनाच्या कंपनीच्या तळघरातही जुन्या फ्लेक्सचा ढीग पडून होता. स्वागताचे, भरतीचे, कसल्याशा बक्षिसांचे; हेडफोन लावून हसणाऱ्या पोरापोरींचे घराएवढे चेहरे. कंपनीचा वर्धापनदिन जवळ आला होता. ह्याच टाकाऊ फ्लेक्समधून एक पुतळा करून मधल्या चौकात बसवायचा, असं समितीने ठरवलं. समितीचे प्रमुख विजयेंद्र हे व्यवस्था बघणारे अधिकारी, आणि घाईचा माणूस. पुतळ्याचा पत्ता नसताना त्यांनी ग्रॅनाइटचा चौथरा बांधूनही घेतला. अर्चना म्हणाली, "शिवून करणारे एक काका आहेत माझ्या ओळखीचे." तिच्या डोळ्यांसमोर होती एक मोठी, आत भरलेली बाहुलीसारखी आकृती, कॉम्प्युटरपुढे बसलेली. पुतळ्याला तमिळमध्ये काय म्हणतात, हे तिने कीर्तनाला विचारून घेतलं. कीर्तना म्हणाली, "सिलै."

सिलै. पहिली वेलांटी. अर्चनाने सबंध बसभर तो शब्द घोकला. पण मराठी माणसाच्या जिभेला ऱ्हस्व-दीर्घाचं काय सोयरसुतक? आपण लिहिताना त्याच्यावरून छड्या खाल्ल्या, बोलताना कधी त्याची फिकीर केली नाही. नुंगंबाक्कमला पोचेपर्यंत ती वेलांटी कुठल्या तरी वळणावर पहिलीची दुसरी झाली होती.

"काका," ती म्हणाली, "आमच्या ऑफिससाठी एक मोठी सीलै करून द्याल?"

दत्ताजीरावांची मशीन थांबली. मागची फॉल-पिकोचीही थांबली.

"काय म्हणालीस?"

"सीलै. जुन्या फ्लेक्सची करायची. चौकात लावणार आहोत, येणारा-जाणारा प्रत्येक जण बघेल. देवाबिवाची नको, आपल्या कामाची वाटली पाहिजे. आणि उंच हवी हं, माणसापेक्षा उंच."

दत्ताजीरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ह्या शहरात इतकी वर्षं काढली, कुणी साडी हातात न घेता हा शब्द उच्चारला नव्हता. आणि उच्चारला कुणी, तर मिरजेच्या पोरीने!

"करतों," ते म्हणाले. आणि पहिल्यांदाच आपण होऊन विचारलं, "कधी हवी?"

फ्लेक्सच्या गुंडाळ्या टेम्पोतून आल्या आणि दुकानात माणसाला उभं राहायला जागा उरली नाही. तुळसीबाईंनी एक तुकडा बोटांत धरून चुरगाळून पाहिला.

"ह्यास श्वास नाही," त्या म्हणाल्या.

श्वास नव्हताच. शिवाय फ्लेक्स महाखोडसाळ निघाला. सुईखाली सरकेना, शेवटी तुळसीबाईंनी त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली तेव्हा कुठे सरकू लागला. कड बसवायला इस्त्री फिरवली, तर एका हसऱ्या पोराचा अर्धा गाल इस्त्रीला चिकटून आला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे टोचलेलं भोक बुजत नसे. कापडावर टाका चुकला तर उसवून पुन्हा घालता येतो. इथे सुई चुकली की तुकडा फुकट. दत्ताजीरावांनी कितीतरी तुकडे फुकट घालवले, आणि त्या काळात तुळसीबाईंशी ते फक्त तमिळमध्ये बोलले. खऱ्या रागात ते तमिळच बोलत.

खरी अडचण वेगळीच होती. वडिलांचं कापड साधं होतं. लाल म्हणजे लाल. इथे प्रत्येक तुकड्यावर आधीच चित्र, हा कुणाच्या तरी नाकाचा भाग, तो कुणाच्या टायचा. तसाच लावला तर चेहऱ्यांची गोधडी होणार. दत्ताजीराव एक दिवस त्या घराएवढ्या चेहऱ्यासमोर नुसते बसून राहिले. मग कात्री घेऊन त्यांनी दात कापून काढले. नुसते दात, हाताएवढे, पांढरेशुभ्र. ते उलटसुलट मांडले आणि कमळाच्या पाकळ्या झाल्या.

तिथून पुढे त्यांना थांबवणं अवघड होतं. ओठांच्या लालातून याळीच्या जिभा निघाल्या, केसांच्या काळ्यातून कडा, जाहिरातीतल्या खोट्या आकाशातून मोराच्या माना. कीबोर्डाच्या चित्रातली बटणांची रांग याळीच्या तोंडात दात म्हणून बसली आणि काय शोभली! चेहरा कापत गेलं की चेहरा संपतो आणि रंग उरतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. फक्त डोळे त्यांनी मोडले नाहीत. मोराच्या पिसाऱ्यात जिथे डोळा असतो तिथे त्यांनी खरेच डोळे लावले, पापण्यांसकट. एकेक पिसारा असा झाला की समोर उभं राहिलं तर आपण त्याला बघतोय की तो आपल्याला, असा प्रश्न पडे. तुळसीबाईंनी पदरानेच एका डोळ्यावरची पावडर पुसली आणि म्हणाल्या, "आता घेतो आहे श्वास."

अर्चना त्या दिवसांत रिलीजच्या कामात बुडाली होती. ती आली ती थेट सगळं शिवून झाल्यावर, कीर्तनाला घेऊन. दत्ताजीरावांनी दाढी केली होती. त्यांनी एक लांब पट्टा दारापासून भिंतीपर्यंत उलगडला आणि एक तोंबै तुळसीबाईंनी हात उंच करून धरली.

"अय्यो, किती सुंदर!" अर्चना म्हणाली. मग इकडेतिकडे बघत तिने विचारलं, "आणि सीलै कुठाय?"

"हीच ना सीलै."

"हो, पण... ही उभी कशी राहणार?"

"उभी का राहील गे? टांगायची."

कीर्तनाला मराठी येत नव्हती. पण तेवढा एक शब्द तिला दोघांच्याही तोंडून ऐकू आला आणि तिने कपाळावर हात मारला. "अर्चना, तू ह्यांना सिलै सांगितलंस की सीलै?"

"तेच तर सांगितलं!" अर्चना म्हणाली. बिचारीला अजूनही दोन्ही सारखेच ऐकू येत होते.

मग उलगडा झाला. अर्चना रडवेली होऊन समजावत राहिली की काका, आमच्याकडे शाळेत पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी असते, माझे मराठीचे गुण नेहमी तिथेच जायचे, मला पुतळा म्हणायचं होतं. दत्ताजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पट्टा दाराकडून गुंडाळत आणला, नीट, सुरकुती न पाडता.

"म्हणजे ही कोणीच मागितली नव्हती," ते म्हणाले.

अर्चनाने सुचवून पाहिलं, ह्यालाच गुंडाळून, आत काहीतरी भरून, आकार देता येईल का? दत्ताजीरावांनी फक्त मान हलवली आणि ब्लाउजचा गठ्ठा पुढे ओढला. त्या आठवड्यात बोळातल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज वेळेवर मिळाले, आणि बायका घाबरल्या.

तोंड उघडलं ते शेवटी तुळसीबाईंनी. "तुमचे बाबा आधी रथ पाहून येत," त्या पिको करता करता म्हणाल्या. "तुम्ही न पाहताच शिवलात. आता न पाहताच कोपऱ्यात टाकता. निदान पाहून तरी या. मग टाका."

दुसऱ्या दिवशी दत्ताजीराव धुतलेला शर्ट घालून कंपनीच्या बसमध्ये अर्चनाशेजारी बसले. सिरुसेरीला उतरून त्यांनी गळ्यात पाहुण्याचा पास अडकवून घेतला. चौकात आल्यावर मात्र थबकले. चारी बाजूंनी मजल्यावर मजले, प्रत्येक मजल्याला कठडे, वर काचेचं छत आणि त्याच्या लोखंडी तुळया. मधोमध रिकामा चौथरा, दोन पायऱ्यांचा. त्याच्या वरच्या काठाला स्टीलची पट्टी आणि तिच्यावर तमिळमध्ये कोरलेला एकच शब्द, सिलै. दत्ताजीरावांनी चौथऱ्याला एक फेरी घातली. मग मान वर केली आणि बराच वेळ तुळया बघत राहिले.

"रथ तर आहे गे येथे," ते म्हणाले.

विजयेंद्रांना रथ वगैरे काही कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं की कार्यक्रम दोन दिवसांवर आलाय आणि पुतळा नाही. ते कठोर माणूस नव्हते, नुसते बेजार होते. "टांगून बघा," ते म्हणाले. "चांगलं दिसलं तर ठेवू. नाहीतर उद्या दुपारी काढून चौथऱ्यावर कुंड्या ठेवायच्या." दत्ताजीरावांनी 'कुंड्या' हा शब्द गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीची माणसं शिडीवर चढून बांधत होती आणि दत्ताजीराव खालून त्यांच्यावर तमिळमध्ये ओरडत होते. तुळसीबाई पदर खोचून गाठी सांगत होत्या. वर चौकोनी छत, त्याला झालरी, आणि चौथऱ्याभोवती गोल तोंबै, जमिनीपर्यंत आलेल्या. बांधून झालं आणि चौक बदलला. वरच्या काचेतून आलेलं ऊन फ्लेक्समधून गाळून खाली पडत होतं. कापडाच्या सीलैतून असा उजेड कधी आला नसता. एसीच्या वाऱ्याने तोंबै हळूहळू फिरत आणि मोरांचे ते सगळे डोळे मजल्यामजल्यांवरून नजर फिरवत. कठड्यांवर माणसं गोळा झाली. वा वा झाली. आणि मग प्रत्येक जण तेच विचारू लागला.

"छान आहे. पण मधे मूर्ती कधी येणार?"

एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलं. रिकामा चौथरा पडलेल्या दाताच्या जागेसारखा दिसत होता. अर्चनाला कुठे तोंड लपवू असं झालं. दत्ताजीरावांची नजर त्या स्टीलच्या पट्टीवर गेली आणि डोकं फिरलं. आपण इतकं केलं आणि नाव दुसऱ्याचं? खिशातून त्यांनी शिंप्याचा खडू काढला, पायरीवर चढले आणि पट्टीवरच्या पहिल्या अक्षराला वर एक छोटं वेटोळं काढलं. तमिळमध्ये तेवढ्याने सिलैची सीलै होते. मग खाली उतरून हात झाडले.

विजयेंद्र आले ते नेमकं ते बघायला. सकाळपासून त्यांनाही मूर्ती कधी येणार हे विचारून लोकांनी भंडावलं होतं. "कोरलेल्या पट्टीवर खडू कुणी फासला? पुसा ते! आणि जेवणानंतर हे सगळं उतरवा. कुंड्या आणायला सांगा."

तुळसीबाईंनी नवऱ्याच्या कोपराला हात लावला. दत्ताजीरावांनी तो झिडकारला नाही. त्यांना एकदम थकल्यासारखं वाटलं. वडील बरे होते, त्यांच्या रथात बसायला देव तरी येत असे.

पट्टी पुसायला महालक्ष्मी आली. चौकाची झाडलोट तिच्याकडे असे; साडीवर निळा कोट, हातात ओलं फडकं. पट्टी पुसायची तर तोंबैच्या आत जाऊन चौथऱ्यावर चढायला हवं होतं. तिने चपला खाली काढल्या, दोन तोंबै हाताने बाजूला केल्या आणि आत जाऊन पाठमोरी वाकली. तेवढ्यात कुणाचा तरी हसण्याचा आवाज आला म्हणून ती वळली आणि सरळ उभी राहिली.

आणि चौक गप्प झाला.

वरचं छत बरोबर तिच्या डोक्यावर होतं. दातांची कमळं तिच्या दोन बाजूंना होती, याळी तिच्या पाठीशी होते, गाळलेलं लाल-निळं ऊन तिच्या खांद्यावर आणि हातातल्या फडक्यावर पडलं होतं. भोवती मोर फिरत होते आणि ती मधे उभी होती, एवढंच. पण इतकी वर्षं ह्याच चौकात वाकून झाडणारी ही बाई इतकी उंच आहे, हे तिथल्या कुणी पाहिलं नव्हतं. मजल्यामजल्यांच्या कठड्यांवरून माणसं तिच्याकडे बघत राहिली. ती आधी बावरली. मग तिने कोटाची कॉलर नीट केली आणि हनुवटी वर केली. सीलैच्या मधोमध सिलै उभी होती.

जरा वेळाने तिला कामाची आठवण झाली. तिने विजयेंद्रांकडे पाहून विचारलं, "अळिक्कवा, वेंडामा, सार?" पुसू का नको?

विजयेंद्र तिच्याकडेच बघत होते. "वेंडाम," ते म्हणाले. नको. मग त्यांनी घसा साफ केला आणि कुंड्यांच्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणी जेवलं नाही. पट्टेवाला चौथऱ्यावर उभा राहिला, कँटीनची माणसं उभी राहिली, कीर्तना उभी राहिली. पोरं रांग लावून एकेक करून चपला-बूट काढून आत गेली आणि बाकीच्यांनी त्यांना नव्याने पाहिलं. विजयेंद्रही, कुणी बघत नाही अशी खात्री करून, पटकन उभे राहून आले. सगळ्यांनी त्यांना पाहिलं. दत्ताजीराव मात्र पायरीला पाऊल लावेनात. अर्चना त्यांना शोधत आली तेव्हा ते खालीच, वर बघत, हात जोडून उभे होते आणि त्यांचा चष्मा ओला झाला होता.

"काका, नमस्कार करताय?"

"टाके पाहतों," दत्ताजीराव म्हणाले. चाळीस वर्षं शेजारी बसून शिवलेल्या तुळसीबाईंना ठाऊक होतं की चष्मा इतका ओला असताना टाका दिसत नाही. त्यांनी आपल्या पदराचं टोक पुढे केलं.

वर्धापनदिन झाला, पण सीलै उतरवली नाही कुणी. पट्टी रोज पुसताना महालक्ष्मी ते खडूचं वेटोळं तेवढं सोडून पुसे. नुंगंबाक्कमच्या दुकानात पुन्हा सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. ब्लाउज वेळेवर मिळेनासे झाले आणि बायकांच्या जिवात जीव आला.

पुढे पोंगलच्या सुमारास एका तोंबैची शिवण उसवली. निरोप मिळाला तसे दत्ताजीराव दोऱ्याचं रीळ खिशात घालून सिरुसेरीला गेले. फाटकावर पास मिळायला वेळ लागत होता. पट्टेवाला नवा होता, 'काय काम आहे' म्हणून विचारत होता. तेवढ्यात चौक झाडणाऱ्या महालक्ष्मीने त्यांना लांबून पाहिलं. झाडू तसाच हातात धरून तिने सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी आरोळी दिली.

"सीलैक्कारर वंदुट्टार!" सीलैवाले आले!

दत्ताजीराव फाटकातच थांबले. तंजावर सोडल्यापासून त्या नावाने कुणी हाक मारलेली त्यांनी ऐकली नव्हती, आणि ऐकली होती तेव्हा ती त्यांच्यासाठी नसायची. ते मागे वळून बघणार होते, बाबा आलेत की काय.

अर्चना आरोळी ऐकून जिन्यावरून धावत खाली आली. काकांचा चेहरा बघून ती घाबरली. ह्या शब्दाने एकदा केलेला घोटाळा ती विसरली नव्हती, आणि कान तर अजून तसेच होते.

"काका, काय म्हणाली ती? पहिली की दुसरी?"

दत्ताजीरावांनी खिशातलं रीळ मुठीत घट्ट धरलं.

"दुसरी गे," ते म्हणाले. "दुसरी."